उशीर कोणाच्या नावावर

माझ्या नावावर एकोणतीस उशीर लागले होते आणि त्यातले खरोखर माझे किती, तर चार. चार मी मान्य करते. चाराला नाही म्हणणारी मी बाई नाही. बाकीचे पंचवीस कोणाचे ते ज्याचं त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. तरी ते माझ्याच नावावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती हीच.

मी मालगाड्या तपासते. यार्डात गाडी येऊन थांबली की एका बाजूने मी निघते, दुसऱ्या बाजूने माझे जोडीदार मिस्त्रीकाका. चाक, ब्रेक, स्प्रिंग, दोन डब्यांमधला जोड, दाराची कडी. चाकाला हातोड्याने ठोकून आवाज ऐकायचा, चाकाजवळ हाताची मागची बाजू धरायची, जास्त गरम लागलं तर तिथेच थांबायचं. एका गाडीला अठ्ठावन्न डबे. दोन्ही बाजू मिळून पंचेचाळीस मिनिटं लागतात, आणि ती लागतातच. आमचं यार्ड संपलं की रूळ अठरा किलोमीटर उतरत जातात. त्या उतारावर खनिजाने भरलेले अठ्ठावन्न डबे आणि एक ढिला ब्रेक, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता ही भानगड काय आहे ते सांगते. रोज सकाळी साडेआठला कंट्रोलची बैठक असते. बैठक म्हणजे कोणी कुठे जाऊन बसत नाही, सगळी फोनवर. कंट्रोलचे साहेब आदल्या दिवसाच्या उशिरा सुटलेल्या आणि रद्द झालेल्या गाड्या वाचतात. ड्रायव्हरांची हजेरी लावणारा कारकून, माल भरणारे, रूळवाले, सिग्नलवाला, इंजिनवाले आणि तपासणीवाली मी, अशा सगळ्यांनी आपापल्या खोलीतल्या फोनवर हजर राहायचं. साहेब गाडीचं नाव वाचतात आणि विचारतात, "कोणाचा?" कोणी कबूल झालं तर उशीर त्याचा. कोणीच बोललं नाही, तर साहेब मोजतात. एक, दोन, तीन. आणि तीनला उशीर त्याच्या नावावर, ज्याचा फोन बंद.

ज्याचा फोन बंद त्याचा! साहेबांपुढे एक फळी आहे, तिच्यावर प्रत्येक खात्याचा एकेक दिवा. फोन उचलला की दिवा लागतो. दोघांचे दिवे बंद असले तर डावीकडून पहिला जो असेल त्याच्या माथी. आणि डावीकडून पहिला दिवा तपासणीचा.

आता विचारा, बाई, तू फोनवर का नसतेस? अहो, सव्वाआठला माझ्या लाइनीवर खनिजाची गाडी येते. रोज. साडेआठला मी पंधराव्या नाहीतर विसाव्या डब्यापाशी वाकलेली असते. मोबाइल घेऊन गाडीपाशी जायची आम्हाला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. बैठकीची वेळ बदला म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, "सदर वेळ सर्वांच्या सोयीची आहे." सर्वांच्या म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्या सर्वांच्या. एकदा मी मिस्त्रीकाकांना फोनवर बसवून पाहिलं. तीस वर्षं हातोड्याचे आवाज ऐकून त्यांचे कान गेलेत. साहेब काय विचारतात ते त्यांना कळेना, आणि माणूस पडला भिडस्त. प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब, हो साहेब." एका सकाळी चार उशीर पदरात घेऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, बैठक फार छान झाली."

हसू नका. मी त्या दिवशी जेवले नाही.

मग ते पत्र आलं. तिमाहीत तीस उशीर झाले तर आमच्या यार्डातली तपासणी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद. तपासणीमुळे गाड्या अडतात, सबब गाड्या न थांबता जातील आणि दोनशे किलोमीटरवरच्या मोठ्या यार्डात तपासल्या जातील. मला यार्डातल्याच सामानाच्या कोठारात पाठवणार, मिस्त्रीकाकांना मुदतीआधी घरी. दोनशे किलोमीटर! मधला उतार काय कागदावरून उतरणार आहेत? पत्र आलं तेव्हा तिमाही संपायला अकरा दिवस होते आणि माझे एकोणतीस झालेले होते.

मी नोंदीची नक्कल मागवून घेतली. टेबलावर पसरली आणि एकेक ओळ वाचत गेले तसतसं माझं डोकं फिरत गेलं. सिमेंटची गाडी, पन्नास मिनिटं, कारण तपासणी. अहो, त्या दिवशी ड्रायव्हरची ड्यूटी संपली होती आणि दुसऱ्याला बोलवायला हजेरीवाला विसरला होता. मी स्वतः पाहिलं. इंजिन धूर काढत उभं आणि आत चिटपाखरू नाही. खताची गाडी, दीड तास, कारण तपासणी. तिला पुढे प्रवासी गाड्यांनी वाट दिली नव्हती. कोळशाची गाडी, दोन तास, कारण तपासणी. फाटकावर ट्रकचा आस मोडून ट्रक रुळात बसला होता, सगळ्या गावाने पाहिला. आणि कळस म्हणजे दोन गाड्या रद्द, कारण तपासणी! कारखान्यात मालच तयार नव्हता, म्हणून गाडी भरलीच नाही, म्हणून ती निघालीच नाही, म्हणून ती माझ्यापर्यंत आलीच नाही. जी गाडी आली नाही ती मी उशिरा तपासली कशी, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मी शेवटी कंट्रोलच्या कारकुनाला फोन करून हेच विचारलं. तो म्हणाला, "बाई, एकदा झालेली नोंद बदलत नाही."

"खोटी असली तरी?"

"खोटी नाही ती. तुम्ही हरकत घेतली नव्हती."

वड्याचं तेल वांग्यावर, आणि वर वांग्यालाच विचारायचं की तू बोललं का नाहीस.

घरी आले ती तणतणतच. नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याने पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "अकरा दिवस एकही उशीर होऊ देऊ नकोस, म्हणजे झालं."

"आजवरचे काय मी होऊ देत होते?"

"तसं नाही गं. मी आपलं आकड्यांच्या दृष्टीने म्हटलं."

"आकडे गेले खड्ड्यात. तू आधी ताटं घे."

सासरे गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. ते रेल्वेतूनच निवृत्त झालेत, कंट्रोलमधून, मुख्य म्हणून. बारा वर्षं झाली, तरी समोरून मालगाडी गेली की तिचे डबे मोजतात आणि एखादा कमी असला तर जेवताना सांगतात. भला माणूस आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत सासूबाई नव्हत्या, तर रात्री उठून पाणी तापवलंय त्यांनी माझ्यासाठी. मी त्यांच्यापुढे नोंदी टाकल्या आणि फोन, दिवे, एक दोन तीन, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलला.

"अजून मोजतात का तीन?" ते म्हणाले.

"अजून म्हणजे?"

"ती पद्धत मी सुरू केली, सूनबाई."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"त्याआधी बैठक दोन दोन तास चालायची," ते रंगात येऊन सांगू लागले. "ड्रायव्हरवाले म्हणायचे सिग्नल, सिग्नलवाले म्हणायचे रूळ, रूळवाले म्हणायचे इंजिन. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. निकालच लागायचा नाही. एक दिवस मी म्हटलं, बस्स. तीन मोजीन, जो हजर नसेल त्याचा. दुसऱ्या दिवशी बैठक वीस मिनिटांत संपली. वरच्या साहेबांनी मला बोलावून शाबासकी दिली होती."

"आणि जो कामावर असेल तो?"

"कोण?"

"जो त्या वेळी खरंच काम करत असेल, बाबा. जो खुर्चीत बसलेला नसेल. तो फोन कसा उचलणार?"

"तेव्हा सकाळी तुझ्या लाइनीवर गाडी नसायची."

"आता असते. नऊ वर्षं झाली, असते."

"मग तू फोनवर जात जा. बोलणाऱ्याची मातीसुद्धा विकली जाते, सूनबाई, आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही."

"मी माती विकायला नोकरी धरलेली नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की आतून नवरा ताट घेऊनच बाहेर आला. "तुम्ही वीस मिनिटांत बैठक संपवलीत, आणि आज त्या वीस मिनिटांपायी माझ्या अन्‌ मिस्त्रीकाकांच्या पोटावर पाय येतोय. शाबासकी कसली मिरवता?"

सासऱ्यांना मी कधी उलटून बोलले नव्हते. तरी मी माफी मागितली नाही, कारण मला मागायची नव्हती.

पण रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं. जा म्हणे फोनवर. बरं, जाते. एकदा जाऊनच बघते.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला खनिजाची गाडी आली. तिच्यावर ड्रायव्हर नेहमीचाच. आम्ही त्याला घड्याळजी म्हणतो, कारण हा माणूस गाडीतून उतरतो तोच मनगटाकडे बघत. अकरा वर्षं झाली मी त्याला ओळखते, आणि अकरा वर्षं तो मला एकच गोष्ट सांगतो, "ताई, आटपा." एकदा मी त्याच्या गाडीतला एक डबा वेगळा काढायला लावला, तडा गेलेल्या चाकासाठी, तर महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. त्या दिवशी मी तेरा डबे तपासले, हातोडा खाली ठेवला आणि साडेआठला खोलीकडे चालू लागले.

"अहो ताई, कुठे?" तो इंजिनाच्या दारातून ओरडला.

"बैठकीला!"

"गाडी उभी आहे!"

"ते मला दिसतंय!"

खोलीत जाऊन फोन उचलला. पलीकडे साहेबांचा आवाज आला, "अरे वा, तपासणी! आज इकडे कशी वाट चुकली?" चारपाच जण हसले. मी म्हटलं, "हसा. वाचा पुढे."

पहिली गाडी सिमेंटची, पंचावन्न मिनिटं. कोणाचा? सगळे मूग गिळून गप्प. हजेरीवाल्याचा श्वास मला ऐकू येत होता, एवढी शांतता. एक, दोन, तीन. साहेब म्हणाले, "सिग्नल." आणि पुढची वाचायला घेतली. माझा दिवा लागलेला होता. डावीकडून पुढचा बंद दिवा सिग्नलवाल्याचा. साठ किलोमीटरमध्ये तो एकटा माणूस आहे, खांद्यावर पिशवी टाकून सकाळपासून एकेक सिग्नल बघत चालत असतो. तोही त्या वेळी कधीच फोनवर नसतो. तो आजवर वाचत होता तो माझ्यामुळे, मी त्याच्या डावीकडे होते म्हणून.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एक क्षण वाटलं, सुटले. असेच उरलेले दिवस फोनवर बसले की झालं. दुसरी गाडीसुद्धा त्याच्यावर गेली आणि मी तोंड उघडलं नाही. मग माझीच मला अशी शरम वाटली की कान गरम झाले. एवढं बोंबलून शेवटी मी काय करत होते? जे माझ्याशी पंचवीस वेळा झालं होतं, तेच करत होते, आणि खुर्चीवर बसून करत होते.

तिसरी गाडी रिकाम्या डब्यांची, चाळीस मिनिटं. "कोणाचा?" आणि साहेब मोजायच्या आत मी बोलले.

"ती सिग्नलची नाही. पहिलीही नाही आणि दुसरीही नाही. सिमेंटला ड्रायव्हर नव्हता. दुसरी इंजिन बिघडलं म्हणून थांबली. आणि या तिसरीलाही ड्रायव्हर नव्हता. मी यार्डात उभी राहून बघितलंय."

"ओ बाई," हजेरीवाला उसळला, "तुम्ही तुमच्या खात्याचं बघा!"

"माझ्याच खात्यात तुमचं पडत होतं आजवर, म्हणून बघतेय!"

"पुरावा काय?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमच्याच वहीत ड्रायव्हर किती वाजता आला ते लिहिलेलं असेल. वाचा की मोठ्याने."

त्याने वाचलं नाही. साहेब म्हणाले, "वाद नको. मोजून झालंय." मी म्हटलं, अजून मोजलं नाही. तर त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन, सिग्नल. माझ्या डोळ्यांदेखत म्हणावं तर फोनवर डोळे कुठले, पण माझ्या कानांदेखत. मी बोललेलं जणू फोनच्या तारेतच कुठेतरी गळून पडलं होतं.

आणि मग साहेब म्हणाले, "बाई, नऊ वाजून गेले. तुमच्या लाइनीवरची खनिजाची गाडी अजून का सुटली नाही?"

"कारण मी इथे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी मी तपासते, आणि मी इथे फोनवर आहे, म्हणून ती तिथे उभी आहे. लिहून घ्या. कारण, ही बैठक."

कोणीतरी फस्सकन हसलं. साहेब म्हणाले, "असं कारण यादीत नाही."

"मग घाला यादीत. नऊ वर्षं हेच कारण आहे. रोज सकाळी साडेआठला तुम्ही आम्हाला विचारता काम का होत नाही, आणि ज्याला खरं उत्तर माहीत आहे तो त्या वेळी ते काम करत असतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी हरवली की जो शेळ्यांमागे धावतोय त्यालाच धरायचं. थोडी तरी लाज बाळगा."

फोन तिकडून ठेवला गेला. मी परत गाडीकडे गेले. घड्याळजी इंजिनापासून चालत माझ्या डब्यापर्यंत आला होता, तोंड लाल करून. मी त्याला म्हटलं, आज एक अक्षर बोलू नकोस, आणि का थांबवलं ते दोन वाक्यांत सांगितलं. सिग्नलवाल्याचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. घड्याळ बघितलं नाही. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली.

दुसऱ्या दिवशी नोंद आली. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना, म्हणून मिस्त्रीकाकांना वाचायला दिली. खनिजाची गाडी, उशीर चाळीस मिनिटं, कारण तपासणी. आणि पुढे शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, "तपासनीस फोनवर होती." आजवर मी फोनवर नव्हते म्हणून, आणि तिसाव्या वेळी मी फोनवर होते म्हणून. मिस्त्रीकाकांनी कागद घडी घालून मला परत दिला. "ताई," ते म्हणाले, "मी तरी फक्त हो हो म्हणत होतो." मला हसावं की रडावं कळेना. मी हसले, मग कोपऱ्यात जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. संतापाचं रडू फार वाईट असतं, त्यात मोकळं काही वाटत नाही.

तीस झाले. हुकूम निघाला. एक तारखेपासून तपासणी बंद.

घरी सासऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला. नवरा त्या दिवशी आकड्यांविषयी काही बोलला नाही, गुपचूप कुकर लावला. मग सासरे म्हणाले, "मी तीनऐवजी दहा मोजायला हवे होते."

"बाबा, मोजायचंच कशाला? विचारायचं होतं."

त्यांनी मान खाली घातली. "मी वरच्या साहेबांना पत्र लिहितो," ते म्हणाले. आणि खरंच लिहिलं, तीन पानं, सुवाच्य अक्षरात, ही पद्धत माझी, चूक माझी, असं. उत्तर काही आलं नाही. पण त्या माणसाने चूक आपल्या नावावर घेतली, आणि एवढ्या सगळ्या प्रकरणात हे करणारा तो पहिलाच, म्हणून माझा त्यांच्यावरचा राग तिथे संपला. बाकीच्यांवरचा नाही. तो आहे तसाच आहे.

एक तारखेला मी यार्डात गेले ती हातोडे, दिवे, पाने मोजून कोठाराच्या माणसाच्या ताब्यात द्यायला. मिस्त्रीकाकाही आले होते. त्यांना आता यायचं कारण नव्हतं, पण घरी बसून करायचं काय, म्हणाले. सव्वाआठला खनिजाची गाडी लांबून दिसली. आता ती थांबणार नव्हती. पुढचा सिग्नल हिरवा होता. मी पाठ फिरवून खोक्यात पाने ठेवू लागले, मला ते बघायचंच नव्हतं.

मागून ब्रेकचा आवाज आला. लांबलचक, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत धडधडत गेलेला. गाडी नेहमीच्या जागी उभी राहिली. घड्याळजी खाली उतरला आणि सरळ माझ्याकडे आला.

"चला ताई," तो म्हणाला.

"कुठे चला? हुकूम वाचला नाहीस का? मी आता कोठारात आहे. माझी सही चालत नाही."

"सही कोणाला हवीय? चाकं बघा. पुढे तो उतार तुम्ही उतरणार आहात की मी?"

"अरे, उशीर लागेल."

"लागू दे."

तेवढ्यात त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी बोलू लागला. कंट्रोलचे साहेब. सिग्नल हिरवा असताना गाडी का उभी आहे, कोणामुळे उभी आहे, असं ते तार स्वरात विचारत होते. घड्याळजीने तो तोंडापाशी धरला.

"मी उभी केलीय, साहेब. तपासल्याशिवाय मी खाली उतरत नाही. उशीर माझा. नंबर लिहून घ्या." आणि त्याने आपला नोकरीचा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून, शाळेतल्या मास्तरासारखा. मग म्हणाला, "मोजू नका, साहेब. मी बोललोय."

त्याने वॉकीटॉकी परत कमरेला लावला. अकरा वर्षं मला आटपा आटपा म्हणणारा हा माणूस, त्याला या बोलण्याची शिक्षा होणार हे त्याला माहीत होतं आणि मलाही. एवढ्या वर्षांत उशिराला कोणी स्वतःहून "माझा" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी त्याला नको म्हणायला तोंड उघडलं, आणि मग त्या उताराचा विचार आला, आणि मी गप्प बसले.

कोठारातल्या माणसाने हातोडा माझ्या हातात परत दिला. तो म्हणाला, "यादीत मी नंतर लिहीन." मिस्त्रीकाका न सांगताच पलीकडच्या बाजूला गेले. आम्ही पहिल्या डब्यापासून सुरुवात केली आणि घड्याळजी माझ्या मागोमाग चालत राहिला, प्रत्येक चाकापाशी वाकून, जणू त्यालाही ते काम शिकायचं होतं. अठ्ठावन्न डबे बघितले. काही निघालं नाही. एकही तडा नाही, एकही ढिला ब्रेक नाही, सगळं जिथल्या तिथे. आणि एवढं कळायला पंचेचाळीस मिनिटं लागली.

"ठीक आहे का?" त्याने विचारलं.

"ठीक आहे. जा आता."

तो वर चढला, शिट्टी दिली आणि गाडी उताराकडे निघाली. मी शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी होते. दुसऱ्या दिवशी नोंद आली. खनिजाची गाडी, उशीर पंचेचाळीस मिनिटं, कारण ड्रायव्हर. त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. सोळाव्या दिवशी सव्वाआठला त्याची गाडी आली आणि उभी राहिली.